नात्यातली विक्री

“सुलाबाई तुमच्या कोण?” असं कुलथे साहेबांनी विचारलं, आणि ज्याच्या तोंडी लागू नये असं स्टेशन रोडवरचे दुकानदार एकमेकांना बजावतात, त्या मला उत्तर सुचलं नाही. प्रश्न सरळ होता. साहेबही सरळ माणूस. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून रात्रभर गाडीत बसून आलेले, डोळे लाल, कॉलरला इंजिनाच्या कोळशाची काजळी. दत्तरावांच्या दुकानामागच्या खोलीत शिलाई मशीनच्या खोक्यांमध्ये एक टेबल टाकलं होतं. त्यावर माझा करारनामा होता आणि शेजारी कंपनीच्या तपासनिसाने गावोगाव फिरून लिहून आणलेली बयानं. दत्तराव म्हणजे कंपनीचे परभणीचे विक्रेते. मी त्यांच्या हाताखालचा माणूस नाही, माझा करार थेट कंपनीशी आहे, आणि हे मी भेटेल त्याला सांगतो. दत्तराव त्यावर मिशीत हसतात. मी तिकडे लक्ष देत नाही.

भांडण कमिशनचं होतं. विकलेल्या दर मशीनमागे एजंटाला कमिशन, असं करारात होतं, आणि त्याच्याच खाली होतं की एजंटाच्या नातेवाइकाने घेतलेली मशीन हिशेबात धरायची नाही. कलम शहाणपणाचं होतं हे मी कबूल करतो. काही एजंट मेहुण्याच्या, सासऱ्याच्या नावावर मशिनी उचलत, कमिशन खिशात घालत आणि चार महिन्यांनी मशीन बिघडली म्हणून परत करत. माझ्या मशिनी परत आल्या नाहीत. त्या चालत होत्या, त्यांच्यावर पोरांचे सदरे शिवले जात होते, हप्ते वेळेवर येत होते. पण गेल्या वर्षी माझी विक्री मराठवाड्यात सगळ्यांच्या वर गेली आणि ती पुण्यात कुणाच्या तरी डोळ्यांवर आली. परभणीच्या खेड्यांतून, तेही बौद्धवाड्यांतून, एवढ्या मशिनी? तपासनीस आला. मला पत्ता लागू न देता एसटीने त्याने गावं पालथी घातली आणि दारोदार एकच प्रश्न विचारला, खिल्लारे तुमचे कोण लागतात? आता आमच्याकडच्या बाईला असं विचारल्यावर ती काय ‘एजंट लागतात’ म्हणणार आहे? सुलाबाईने सांगितलं, “भाचा हाय माझा.” धुरपताबाईने सांगितलं, “जावई हाय की आमचा.” कस्तुराबाईने तर “लेकच म्हना” असं सांगून तपासनिसाला चहा पाजला, आणि लेकाच्या हापिसातल्या माणसाला रिकामं कसं लावून द्यायचं म्हणून भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या. त्या शेंगा फोडत फोडतच त्याने लिहिलं असणार: पुत्र.

सगळ्यांनी असंच सांगितलं नव्हतं. परभणीतले मास्तर, चाळीतल्या बाया, पाथरी रोडचे टेलर यांनी ओळखही धड दाखवली नव्हती, म्हणून त्यांच्या मशिनी बिनबोभाट मंजूर झाल्या होत्या. ज्यांनी जीव लावून उत्तर दिलं त्यांच्याच अडकल्या. कुलथे साहेबांना यातली गंमत कळत होती. “एका माणसाला एवढ्या मावश्या नसतात, एवढं मलाही कळतं,” ते म्हणाले. “मला तुमचं नुकसान करायचं नाही, खिल्लारे. या नावांच्या यादीखाली तुम्ही एक ओळ लिहून द्या, की वरीलपैकी कोणीही माझे काही लागत नाहीत. खाली सही. मी इथेच मंजूर करतो. नाही लिहिलंत तर मला ही बयानं खरी धरावी लागतील, मग या सगळ्या मशिनी हिशेबातून गेल्या.” संध्याकाळच्या मनमाडच्या गाडीने ते परत जाणार होते. तोवर विचार करा म्हणाले. यात विचार करण्यासारखं काय आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि खरं तर माझ्याही मनात तेच होतं. मी पेन उघडलं होतं. नीब कागदाला टेकलीही होती. मग ते वाक्य मी मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. सुलाबाई माझ्या कोणी लागत नाहीत. मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणालो, “जेवून येतो.”

गल्ल्यावर दत्तराव बसले होते. आतलं सगळं त्यांनी ऐकलं होतं, कारण मधे दार नाही, नुसता पडदा आहे. “सूर्यभान, बाबा, दस्तखत ठोक अन् मोकळा हो,” ते म्हणाले. “कागदावर लिवल्यानं कुनाची मावशी मरत न्हाई. नानलपेठेतला गाळा त्या गाळेवाल्यानं तुझ्यापायी किती दिवस थोपवायचा? आज रक्कम न्हाई दिली तर उद्या तो कापडवाला घ्यायलाय.” ते खोटं बोलत नव्हते. गाळा मी ठरवला होता, अडकलेल्या कमिशनवरच ठरवला होता. बोर्डसुद्धा रंगवून तयार होता. पेंटर म्हणाला होता, दुकानाला देवाबिवाचं नाव द्या, गिऱ्हाईक बिचकत नाही. मी म्हणालो, आडनाव लिही, आणि पलीकडच्या फुटपाथवरून वाचता येईल एवढं लिही. नानलपेठेत, जिथे माझा बाप मालकाच्या गाडीवर बसून सरकी विकायला यायचा आणि गाडीतून खाली उतरायच्या आधी चपला काढून हातात घ्यायचा, तिथे खिल्लारे हे आडनाव दुकानावर लागलेलं मला पाहायचं होतं. पैशांपेक्षा ते जास्त पाहायचं होतं, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. मला गर्व आहे असं लोक म्हणतात. आहेच. तो मी कमावलेला आहे, हप्त्याने घेतलेला नाही.

जेवायला मी गेलोच नाही. पाय आपोआप स्टेशनकडे वळले. ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, टांगेवाल्यांची झोप, हॉटेलातल्या उकळत्या तेलाचा वास हे सगळं होतं आणि मी त्यातून इस्त्रीच्या शर्टात चाललो होतो. ओळखीचे लोक हात वर करत होते. “काय एजंट साहेब!” मला ते आवडतं. पण त्या दिवशी दर हाकेला मनात तोच प्रश्न उभा राहायला लागला, हा माझा कोण लागतो? पानवाला रंगनाथ मला दाजी म्हणतो, त्याच्या बहिणीला मी कधी पाहिलेलंही नाही. मग दाजी कशाचा? पण तो दाजी म्हणतो तेव्हा पानात गुलकंद जरा जास्त घालतो, आणि ते काही खोटं नाही. पुण्याच्या माणसाने कराराचं कलम लिहिताना ‘नातेवाईक’ हा शब्द लिहिला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर लग्नपत्रिका असणार. आमच्याकडे लग्नपत्रिकेत नसलेलीच नाती जास्त उपयोगी पडतात. फलाटावरच्या बाकावर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत मी बसलो. पूर्णेकडे जाणारी पॅसेंजर उभी होती. पुढचं स्टेशन पिंगळी.

पिंगळीच्या फलाटावरच सुलाबाई मला मिळाली. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला. ठराव मुंबईत झाला आणि घरं आमची जळाली. मी तेव्हा परभणीच्या कॉलेजात होतो, कॉलेज बंद झालं म्हणून गावी गेलेलो. बाप, आई, मी, आणि आईच्या कडेवरचं एक बोचकं, ज्यात काय आहे हे तिलाही माहीत नव्हतं, असे आम्ही शेताशेतांतून चिखल तुडवत पिंगळीला आलो आणि फलाटावर बसलो. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं. तिकीट काढायचं तर कुठलं काढायचं? शेजारी एक बाई बसली होती, कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी, हाताच्या बोटांना चिरा पडलेल्या. माहेरी आली होती आणि तीही घाबरून मानवतला परत निघाली होती. तिने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं. कुठलं गाव, कुणाचे कोण, काय झालं, यातलं तिने काही विचारलं नाही. आईला म्हणाली, “जेवलाव का?” आईने बोचकं जवळ ओढलं. मग ती म्हणाली, “कुनाची वाट बघायलाव?” बाप म्हणाला, “कुनाचीच न्हाई.” “मग चला की माझ्या घरी,” ती म्हणाली, आणि आमची तिकिटं काढायला उठलीसुद्धा. मानवतला तिची एकच खोली. त्या खोलीत आम्ही तीन माणसं वाढलो, आठवड्यासाठी नाही, दोन वर्षांसाठी. बाप त्याच खोलीत गेला. गल्लीतल्या बायांनी विचारलं, या कोण, तेव्हा सुलाबाई चूल फुंकता फुंकता म्हणाली, “बहीन हाय माझी.” त्या दिवसापासून माझ्या आईला बहीण झाली आणि मला मावशी. आई त्या रात्री पहिल्यांदा झोपली.

तपासनिसाने विचारलं तेव्हा ती हेच म्हणाली. मग खोटं कोण बोललं? आणि मी आता काय लिहायचं? माझी पहिली मशीन मी तिलाच विकली, आणि तिला एक हप्तासुद्धा चुकवू दिला नाही. ती म्हणाली, “भाच्याला कसले हप्ते रे?” मी म्हणालो, “मावशे, नातं नात्याच्या जागी, हप्ता हप्त्याच्या जागी.” ती शिव्या देत देत पदराच्या गाठीतून पैसे काढायची. आता तिच्याकडे सगळी गल्ली झंपर शिवायला टाकते आणि जिनिंग सुटलं आहे, बोटांच्या चिरा बुजल्या आहेत. चारठाण्याच्या धुरपताबाईचं आणखी वेगळं. तिने मला मुलगी देऊ केली होती. मी तेव्हा लग्नाच्या विचारात नव्हतो, स्पष्ट नाही म्हणालो. मुलगी दुसरीकडे दिली, तिला दोन पोरं झाली, तरी मी गावात शिरलो की म्हातारी पारावरून ओरडते, “आला बघा माझा पळपुटा जावई.” मशीन घेताना तिने अट घातली होती, जावयाने स्वतः पहिला टाका घालायचा. मी मशीन तशाच विकतो. सायकलच्या कॅरिअरला गोधडीत गुंडाळलेली मशीन बांधून नेतो, वाड्यात मधोमध मांडतो, आणि मशीनबद्दल एक शब्द न बोलता घरातल्या सगळ्यात लहान लेकरासाठी एक झबलं शिवतो. झबलं पुरं होईस्तोवर सगळी आळी गोळा झालेली असते. बोलायचं ते मग बाया आपसांत बोलतात. हे मला कुणी शिकवलं नाही. पुण्याचे साहेब लोक माझी विक्री कशाने होते ते शोधत होते, आणि त्यांना उत्तर सापडलं, नात्याने. मला हसू येत होतं आणि रागही येत होता, कारण ते चुकीचंही नव्हतं.

पॅसेंजर हलली. धूर फलाटावर पसरला. मी तेव्हाच उठून जाऊन सही ठोकली असती तरी कुणी मला बोललं नसतं; मावशीला तर कळलंही नसतं. कळलं असतं तरी तिने दत्तरावांसारखंच म्हटलं असतं, लिही बाबा, कागदाला काय कळतंय. पण मला कळणार होतं. ज्या बाईने एका शब्दावर आम्हाला घरात घेतलं, तो शब्द मी पैशासाठी माझ्या हाताने खोडायचा आणि त्या पैशातून माझं आडनाव टांगायचं? तो बोर्ड मी वर मान करून कसा वाचला असता? एवढं लख्ख कळल्यावर मी उठायला हवं होतं. उठलो नाही. कारण कागदाच्या तळाला आणखी एक नाव होतं. मघाशी टेबलापाशी ते मी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं.

दिनकरराव. आमच्या गावचे. बापाचे मालक. त्यांच्या बयानात लिहिलं होतं, ‘घरचाच पोरगा हाय आमच्या.’ तेव्हा मला वाटलं, अंगावर कुणीतरी थंड हात ठेवला. गेल्या दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला होता, सूर्यभानला म्हणावं मशीन घेऊन ये. त्यांची लेक रुख्मिणी सासर सोडून माहेरी आली होती, तिला काहीतरी हाताला पाहिजे होतं. मी न जाण्याचं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी गेलो. का गेलो? विक्री म्हणून गेलो असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या पायऱ्या चपलांसकट चढून पाहायच्या होत्या. चढलो. कुणी काही बोललं नाही. ओसरीवर मशीन मांडली. रुख्मिणीला सुईत दोरा ओवायला शिकवलं, पायाचा आणि हाताचा मेळ शिकवला. ती हुशार होती, खाली मान घालून शिकत होती. “भाऊ, दोरा सारखा तुटायलाय,” ती एकदा म्हणाली. मी ताण सैल करून दिला. चहा आला. कप सगळ्यांचा होता तोच होता. आणि तो तोच आहे हे मी बारकाईने पाहिलं, याचाच मला राग आला; चहाची चव काही कळली नाही. दिनकरराव खांबाला टेकून बघत होते. म्हणाले, “लिंबाजीच्या हाताला असंच वळन होतं बघ. पेरताना तिफन धरली की तास दोरीत सरळ. तसा गडी पुन्ना मिळाला न्हाई आमाला.” बापाची अशी स्तुती त्या ओसरीवर ऐकून माझा ऊर भरून यावा की नाही? आला. येऊ नये म्हणून मी मशीनवर वाकलो आणि उगाच तेलाची बाटली शोधू लागलो.

कारण त्याच ओसरीसमोर, त्या अठ्ठ्याहत्तर सालच्या तिन्हीसांजेला, मी बापाच्या मागे उभा होतो. खालच्या अंगाला आमच्या आळीतून धूर निघायला लागला होता. बापाचं सगळं आयुष्य त्या घरी गेलं होतं. निवडणुकीच्या दिवसांत दिनकरराव चारचौघांत त्याच्या खांद्यावर हात ठेवून लिंबाजीभाऊ म्हणायचे आणि बाप घरी येऊन ते आईला सांगायचा. म्हणून तो तिथे गेला. दार लावलेलं होतं. फटीतून कंदिलाचा उजेड दिसत होता, आत माणसं हलताना दिसत होती. “मालक,” बापाने हाक मारली. आत हालचाल थांबली. “मालक, मी लिंबाजी हाय.” फटीतला उजेड गेला. कुणीतरी कंदील विझवला. बाप तसाच उभा राहिला, मग माझ्याकडे वळला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाला, “चल. घरी कोनी न्हाई त्याहीच्या.” पिंगळीपर्यंत तो त्यावर काही बोलला नाही, आणि मानवतच्या खोलीत शेवटपर्यंतही नाही. गाव त्याने पुन्हा पाहिलं नाही. माझ्यासमोर मालकाची लाज राखायला तो खोटं बोलला असं तेव्हा मला वाटलं होतं. नंतर कळलं, लाज त्याने स्वतःची राखली. हाक मारूनही ज्याला दार उघडलं नाही असा माणूस होण्यापेक्षा, घरी नसलेल्या माणसाकडे गेलेला माणूस होणं त्याने पत्करलं. माझ्यात जो गर्व आहे तो मी कमावला असं मघाशी म्हणालो. तो तसा वारशानेच आलेला आहे.

आणि आता ‘घरचाच पोरगा’. मी बाकावर बसून त्या दोन शब्दांना उलटसुलट करून पाहत होतो. पश्चात्ताप असेल का? माणूस म्हातारा झाला, लेक घरी आली, मनात काही हललं असेल आणि अनोळखी तपासनिसापाशी ते बोललं गेलं असेल. असेल. की सवय? त्या घरात बैल विकायला काढला तरी ‘घरचा हाय’ असंच सांगत, म्हणजे भाव चढतो. मला खरंच सांगता येत नव्हतं. एकदा वाटलं, आपण जरा मोठं मन करावं, आठ वर्षं झाली, कुठवर तोच विझलेला कंदील पेटवत बसायचं? पण आठ वर्षांत त्यांना माझी आई कुठे राहते हे विचारावंसं वाटलं नाही. बाप गेला तेव्हा गावात कळलं होतं, कुणी आलं नाही. माया वाटली असेल तर ती मला सांगायची होती, मी त्यांच्या ओसरीवर अर्धा दिवस बसलो होतो. नातं सांगायचं तर ज्याचं सांगायचं त्याच्या तोंडावर सांगावं. सुलाबाईने चूल फुंकता फुंकता सांगितलं, आई समोर बसलेली होती. मनात रुख्मिणी येत राहिली, ती मला भाऊ म्हणाली होती आणि तिचा काही गुन्हा नव्हता. मशीन तिच्या नावावर असती तर मी काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मशीन तिच्या नावावर नव्हती. त्या घरात काहीच तिच्या नावावर नसतं.

मी उठलो तेव्हा सावली बाकावरून सरकून रुळांपर्यंत गेली होती. पोटात भूक होती आणि डोकं हलकं झालं होतं. नानलपेठेच्या वाटेने मुद्दाम गेलो नाही. दुकानात शिरलो तेव्हा कुलथे साहेब बॅग भरत होते. मला पाहून त्यांनी लगेच कागद काढून पुढे ठेवला, आणि ओळ त्यांनी स्वतःच सुंदर अक्षरात लिहून ठेवली होती, मला नुसती सही करायची होती. एवढी माणुसकी त्यांनी दाखवली. मी ती ओळ खोडली. मग एकेका नावापुढे लिहीत गेलो. सुलाबाई, मावशी. कस्तुराबाई, आई. धुरपताबाईपुढे जरा थांबलो आणि सासू लिहिलं. साहेब माझ्या खांद्यावरून वाचत होते.

“अहो खिल्लारे, काय करताय? म्हणजे सगळं कमिशन सोडताय तुम्ही?”

“सोडत नाही साहेब. करारात आहे तसं करतोय. नातेवाइकांच्या मशिनीवर कमिशन नाही.”

“पण या खरंच तुमच्या मावशी आहेत? सख्ख्या?”

“सख्ख्या असत्या तर एवढं केलं नसतं.”

पडद्याच्या फटीतून दत्तराव आत डोकावले. त्यांनी कागद पाहिला, कपाळाला हात लावला. “येडा हायस तू,” ते म्हणाले. “साफ येडा. गाळा गेला बघ.” पण ते गल्ल्यावर परत गेले नाहीत. दारातच उभे राहिले, आणि मला असं वाटलं की त्या मिशीत या वेळी हसू नव्हतं. गाळा गेला हे मला कळत होतं. बोर्ड पेंटरकडून आणून घरात भिंतीला लावून ठेवावा लागणार होता, आई रोज त्यावरून हात फिरवणार आणि काही विचारणार नाही. पुरुषासारखा पुरुष, पण डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. पण खुर्चीत इतका ताठ मी कधी बसलो नव्हतो. निम्म्या जिल्ह्यात मला मावश्या आहेत, सासू आहे, आया आहेत, आणि हे आता कंपनीच्या कागदावर माझ्या हातचं लिहिलेलं आहे. ज्या घरांमध्ये मी झबली शिवली त्या घरांचा मी आहे. पुण्यात ते फाइलला लावतील, कुणी वाचणार नाही, तरी आहे.

तळाचं नाव राहिलं होतं. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. “हे दिनकरराव. यांनी तर सगळ्यात ठणकावून सांगितलं आहे म्हणे, घरचाच पोरगा म्हणून. यांच्यापुढे काय लिहू? काका? मामा?”

“मी लिहितो,” मी म्हणालो. आणि लिहिलं, ‘हे माझे कोणी लागत नाहीत.’ मग त्याखाली आणखी एक ओळ घातली, ‘यांच्या मशीनचं कमिशन मला मिळावं.’

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “एवढ्या सगळ्यांत या एकाच मशीनचं?”

“एकाच. पण ते आजच पाहिजे, आणि पूर्ण पाहिजे.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. बहुधा गाडीची वेळ झाली होती, किंवा त्यांना काही समजलं असेल. पावती केली, रक्कम मोजून टेबलावर ठेवली आणि पावती सहीसाठी माझ्याकडे सरकवली. एरवी मी एस. एल. खिल्लारे अशी घाईची सही ठोकतो, धंद्यात तेवढी पुरते. त्या पावतीवर मी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून, बापाचं नाव मधोमध ठेवून सही केली. सूर्यभान लिंबाजी खिल्लारे.